बैल एक, मोरा, शिंगे मोडकी

याद्वारे समस्त वाचकवर्ग, पशुपालक बांधव, जिल्हा प्रशासन आणि हयात व दिवंगत जनावरे यांना अत्यंत गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, लातूर जिल्हा नवा नवा झाला त्या काळात जळकोटपासून तीन कोसांवरच्या एका गावी उघडलेल्या चारा छावणीच्या नोंदवहीत 'बैल एक, मोरा, शिंगे मोडकी' अशी जी नोंद आहे, तो बैल नव्हता. ती घोडी होती. तिची शिंगे मोडलेली नव्हती. ती मुळात उगवलीच नव्हती. सदर नोंद निम्नस्वाक्षरीकाराने, म्हणजे मी, पूर्ण शुद्धीत आणि वळणदार अक्षरात केली. गावाचं नाव लिहीत नाही, कारण तिथली माणसं अजून आहेत आणि त्यांना वाचता येतं. माझ्या निवृत्तीला थोडी वर्षं उरली आहेत. कृपया पेन्शनला हात लावू नये.

मी गुरांच्या दवाखान्यात व्रणोपचारक आहे. हा शब्द सरकारने शोधून काढला आणि त्या शब्दावर माझं लग्न जमलं. भोकरला आमच्या घरी मुलीकडचे आले, तेव्हा वडिलांनी नेमणुकीचा कागद मोठ्याने वाचला. 'व्रणोपचारक' म्हटल्यावर मुलीकडचे सरसावून बसले. इतका अवघड हुद्दा म्हणजे माणूस मोठाच असणार, असं ठरलं. सासऱ्यांना अर्थ कळला तो पहिल्या दिवाळसणाला, मी त्यांच्या म्हशीच्या जखमेतल्या अळ्या काढत होतो तेव्हा. व्रण म्हणजे जखम. ती धुवायची, किडे काढायचे, औषध भरायचं, पट्टी बांधायची, डॉक्टर सुई टोचतात तेव्हा जनावराचं तोंड धरायचं आणि लाथ खायची. लोक मला 'डागदर' म्हणतात. नोकरीच्या पहिल्या पंधरवड्यात मी त्यांना दुरुस्त करत असे. नंतर सोडून दिलं.

आमच्याकडे गिऱ्हाईक नमुनेदार येतं. एका गृहस्थाने पाय मोडलेला कोंबडा आणला. बांबूच्या कामट्या लावून मी त्याचा पाय असा बांधला, की माणसाच्या दवाखान्यातही कोणी बांधला नसता. गृहस्थ म्हणाला, "आयतवारपस्तोर नीट होईल का?"

"आयतवारी काय आहे?"

"पाव्हणे येऊन राहिलेत. लंगडा कोंबडा कापला तर बरं दिसत न्हाई."

अशा गोष्टी मी लग्नाकार्यात सांगतो. त्यातच शिंगे मोडक्या बैलाचीही सांगतो. छावणीच्या पाहणीला साहेब आले तिथपर्यंत सांगतो, लोक पोट धरून हसतात, आणि मी तिथे थांबतो. पंचवीस वर्षं तिथेच थांबत आलो आहे. या खेपेला संपादकांनी पानं जास्त दिली आहेत, म्हणून पुढचीही सांगतो.

नवा जिल्हा आणि दुष्काळ आमच्याकडे बरोबरीनेच आले. जुन्या जिल्ह्याचा शिक्का वापरू नये असं परिपत्रक आलं; नवा शिक्का मात्र आला नाही. बरेच दिवस आमचे कागद बिनशिक्क्याचे जात होते. मी नांदेडकडून बदलून आलेला, त्यामुळे मीही तसाच. दवाखाना दोन खोल्यांचा. डॉक्टरसाहेबांकडे तीन दवाखान्यांचा कारभार, आमच्याकडे ते फक्त गुरुवारी येत. उरलेले सहा दिवस त्या दवाखान्याचा राजा, प्रधान आणि झाडूवाला मीच.

उन्हाळ्याच्या तोंडाशी एका सकाळी निरोप आला: तळ्याच्या गाळात घोडी रुतली आहे. तळं आटलेलं, रोजगार हमीवर गाळ काढायचं काम चालू. मी पोचलो तर काम थांबवून सगळे काठावर उभे. मधोमध जिथे थोडा ओला चिखल उरला होता तिथे एक भुरी घोडी, कपाळावर पांढरा टिळा, गुडघ्यापर्यंत गाळात. बरगड्या मोजता येत होत्या. ही शेवंती. गावातल्या गोविंदरावांची. पंचक्रोशीतल्या कितीतरी नवरदेवांनी तिच्या पाठीवर बसून मिरवून घेतलेलं. पुढे ती लंगडायला लागली आणि गोविंदरावांकडे कडबा बैलांनाच पुरेना, म्हणून त्यांनी तिला मोकळी सोडली.

मला प्रेक्षक दिसले की काय होतं ते माझ्या बायकोला विचारा. मी काठावर चढलो, दोन गाड्यांचे सोल, म्हणजे जाड दोर, मागवले, वीस माणसं दोन रांगांत उभी केली आणि बँडमास्तरसारखे हात हलवत घोडी ओढायला लावली. अर्ध्या तासात ती बाहेर आली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. खोटं कशाला सांगू, मी वाकून मुजराही केला.

घोडी कडक जमिनीवर आली, पुढचे दोन्ही पाय लांब पुढे टाकले, सगळा भार मागच्या पायांवर घेतला आणि थरथरायला लागली. मग आडवी झाली.

ती रुतलेली नव्हती. आपल्या पायांनी चालत जाऊन गार चिखलात उभी राहिली होती. सगळ्या शिवारात तिच्या पायांना बरं वाटेल अशी तेवढीच एक जागा होती. आम्ही वीस जणांनी जोर लावून तिला तिथून काढलं. हे मला डॉक्टरसाहेबांनी सांगितल्यावर कळलं, म्हणजे गुरुवारी.

घोड्याचा पाय ज्यांनी जवळून पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. घोडा आपल्या बोटाच्या नखावर उभा असतो. ते नख म्हणजे खूर. खुराच्या आत हाड असतं आणि ते खुराला आतून हजारो बारीक पाळ्यांनी चिकटलेलं असतं. चपलेत पाय ठेवावा तसं ते आत ठेवलेलं नसतं, टांगलेलं असतं. गोडधोड, दाणा जास्त झाला किंवा डांबरी सडकेवर फार पळवलं की कधी कधी त्या पाळ्या सुजतात. खूर टणक, त्यामुळे सुजेला जागाच नाही. आपलं नख दारात चेमटतं तेव्हा कसं होतं. तसं दोन्ही पायांना, आणि त्याच नखांवर साडेतीनशे किलो वजन. पाळ्या सुटल्या की हाड खाली झुकतं. फारच झुकलं तर तळव्यातून बाहेर येतं. शेवंतीला प्रत्येक मांडवात हरभरा आणि गूळ मिळत होता. लोक प्रेमाने लाडूही भरवत.

तळ्यावर गाळाच्या पाट्या उचलणाऱ्यांत सटवाजी सोनकांबळे होता. साठीचा, कोरड्या अंगाचा, कमी बोलणारा. ओढताना चिखलात सगळ्यांत पुढे तोच होता. त्याने डोक्याचं फडकं सोडलं, घोडीच्या डोळ्यांवरचा गाळ पुसला आणि मुकादमाला विचारलं, "आता ही कुणाची?"

"कुणाची न्हाई. मालकानं मोकळी सोडली की."

"मोकळी सोडली?" सटवाजीने पुन्हा विचारलं. मग म्हणाला, "मंग मी नेतो."

लोक हसले. मुकादम म्हणाला, "सटवा, तुला सोताला खायाला न्हाई."

"न्हाई," सटवाजी म्हणाला, "पर नेतो."

बैलगाडीवर घालून तिला बौद्धवाड्यात नेली. सटवाजीची बायको पारूबाई दारात उभी होती. तिने घोडीकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं आणि मला म्हणाली, "डागदर, दोघांस्नी बी तपासा. म्हाताऱ्याचं डोकं आधी."

गुरुवारी डॉक्टरसाहेब आले. पुण्याकडचे तरुण, मन लावून काम करणारे. त्यांनी चिमट्याने खूर दाबून पाहिले, बराच वेळ उकिडवे बसून राहिले आणि म्हणाले, "दोन्ही पुढचे पाय. हाड झुकलंय. एक इंजेक्शन देतो, सुटेल बिचारी."

सटवाजी म्हणाला, "बरी होतच न्हाई का सायेब?"

"क्वचित होते. नवा खूर वरून खाली यायला वर्ष लागतं. वर्षभर रोज पाय धुवायचे, बांधायचे, तासायचे. कोण करणार?"

सटवाजीने बोटं मोजली. "फुडल्या वैशाखात धाकट्याचं लगीन हाय. वरीस भरतंय."

साहेबांना याचा अर्थ लागला नाही. मलाही नाही. तो पारूबाईने सांगितला, पायांवर ओली पोती गुंडाळता गुंडाळता. त्यांना पाच मुलगे. चौघांची लग्नं झाली. प्रत्येक लग्नाआधी सटवाजी गोविंदरावांच्या दारी जाऊन पायरीखाली उभा राहिला आणि विचारलं, "मालक, घोडी मोकळी हाय का?" प्रत्येक वेळी उत्तर आलं, "न्हाई रे सटवा, मोकळी न्हाई." शिवी नाही, ओरडणं नाही, उलट चहा पाजायचे. घोडी समोर लिंबाखाली माशा वारत उभी असायची.

"येकदा तर घोडीनंच मान हालवली," पारूबाई म्हणाली. "तिला बी लाज वाटली आसंल. ह्यांनी चहा पिला आन् आले."

आता पाचवा, मिलिंद. एसटीत कंडक्टर, नांदेड–माहूर गाडीवर. त्याला घोडीची हौस नव्हती. तो मला म्हणाला, "साहेब, मला पायी जायला लाज नाही. पण बाबांना कोण सांगणार?"

डॉक्टरसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. भोवती दहा-पंधरा माणसं जमलेली. मी म्हणालो, "मी करतो साहेब." प्रेक्षक नसते तर म्हणालो असतो का, हे आजही मला सांगता येत नाही.

घोड्याची जाणती माणसं नांदेडकडे. माळेगावच्या यात्रेला घोडे भरतात, त्यामुळे तिकडे नालबंदांची घराणी आहेत. कंधारहून मी खाजाभाईंना आणलं. नालबंद म्हणजे नाल ठोकणारा. पण खाजाभाई नाल ठोकायच्या आधी घोड्याशी अर्धा तास बोलत. शेवंतीपुढे मांडी घालून बसले, तिचा पाय मांडीवर घेतला आणि म्हणाले, "बोल बेटी, किन्ने सताया तुझे?" मग आकड्या सुरीने खुराचा पुढचा भाग तासला, टाच उतरवली, कानशीने गोल केलं. तळव्यात एका जागी टोक लावलं, तर काळा पू उडाला तो थेट माझ्या शर्टावर. शेवंतीने लांब श्वास सोडला. मी शर्ट बदलला नाही. संध्याकाळपर्यंत तोच घालून गावातून हिंडलो.

खाजाभाईंनी ट्रकच्या जुन्या ट्यूबचे गोल कापले, आत गोणपाटाच्या घड्या घातल्या आणि खुराच्या मागच्या भागाखाली गादी बांधली, म्हणजे पुढच्या टोकावर भार येऊ नये. निघताना म्हणाले, "दाना नक्को. गुड नक्को. चना तो बिलकुल नक्को. सूखी घास देव, बस. मीठा इसकू जहर है."

"हौ," मी म्हणालो. ऐकलं मी सगळं. लक्षात पण ठेवलं.

त्या वर्षी आमच्याकडे एकच गोष्ट मुबलक होती: वाळू. तिरू नदीचं पात्र कोरडं ठाक. सटवाजीने पाट्यांनी वाळू आणून अंगणात हातभर जाड अंथरली, म्हणजे घोडी बसली तरी अंगाला घासायला नको. रोज दवाखान्याच्या आधी मी जाई. खूर मिठाच्या पाण्याने धुवायचे, लाल औषध भरायचं, गादी बदलायची. पाणी पारूबाई लांबच्या विहिरीवरून आणायची. भांडी धुतलेलं पाणी पोत्यांवर टाकायची आणि म्हणायची, "आमच्या घोटाचं पाणी हिच्या पायाला. सूनबाईंचा थाट बगा." पण टाकायची.

आणि गवत? गवत नवरदेव पाठवत होता. माहूरकडच्या जंगलात डोंगराचं वाळलं गवत मिळे. मिलिंद त्याच्या पेंढ्या गाडीच्या टपावर टाकून नांदेडला आणी आणि तिथे आमच्याकडे येणाऱ्या गाडीच्या कंडक्टरच्या स्वाधीन करी. फाट्यावर गाडी थांबली की टपावरून आधी पेंढ्या उतरत, मग माणसं. कुणीतरी म्हणे, "सटवाजी, व्याह्याकडून रुखवत आला."

नवा खूर केसांच्या कडेपासून वरून खाली येतो. आजाराच्या वेळची एक खोल रेघ खुरावर पडते. तिच्या वरचा भाग निरोगी, खालचा रोगट. महिन्याला करंगळीच्या नखाएवढी ती रेघ खाली सरकते. पारूबाईला अक्षरओळख नव्हती, पण ती रेघ तिला वाचता येई. "दोन बोटं उरली," ती सांगे. पाऊस त्याही वर्षी नीट झाला नाही. गावातली पेरणी वाया गेली, माणसं कामाला बाहेर गेली. पण शेवंती पोळ्याला उभी राहिली. दिवाळीला पिंपळापर्यंत चालली. संक्रांतीच्या सुमाराला शेजारच्या गावात कुठेतरी ताशा वाजला, तर तिने कान टवकारले आणि अंगणातल्या अंगणात चार पावलं नाचली. सटवाजी बघत उभा. डोळे पुसले नाहीत, नाक पुसलं.

त्यानंतर तो तिला रोज चावडीवरून फिरवून आणायला लागला. मुद्दाम त्याच वाटेने. एकदा गोविंदराव ओट्यावर बसले होते. त्यांनी विचारलं, "चालती का रं?"

"चालती मालक."

"बरं झालं," गोविंदराव म्हणाले. मला वाटतं, ते मनापासून म्हणाले.

माघात मिलिंदची ड्यूटी बदलली. माहूरची गाडी गेली, दुसऱ्या बाजूची आली. गवत थांबलं. आमच्या शिवारात काडी नव्हती. सटवाजी आठ दिवस बाभळीच्या शेंगा आणि झाडपाला गोळा करत फिरला. घोडी पुन्हा खंगायला लागली. आणि त्याच आठवड्यात गावाच्या माळावर चारा छावणी लागली.

छावणीचा नियम असा की गाय, बैल, म्हैस, वासरू यांनाच चारा. नोंदवहीत घोड्याला रकाना नाही. नोंद करायला जनावरं तपासून द्यायचं काम दवाखान्याकडे, म्हणजे माझ्याकडे. मी वही पुढे ओढली. कपाळावर पांढरं असलेल्या बैलाला आम्ही मोरा म्हणतो. लिहिलं: बैल एक, मोरा, शिंगे मोडकी. मालक सटवाजी सोनकांबळे. गोविंदराव छावणीच्या समितीवर होते. त्यांनी नोंद वाचली, चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि सही करताना म्हणाले, "चांगला बैल हाय. मी वळखतो त्याला."

मी इतका खूश होतो की सांगता सोय नाही. सरकारने मला अवघड शब्द देऊन मोठा केला होता. मी एक सोपा शब्द लिहून घोडीला बैल केलं होतं.

आणि मग ती पाहणी. नव्या जिल्ह्याचे नवे साहेब जीपमधून आले. पारूबाईने जुन्या लुगड्यांची एक झूल शिवली होती, लग्नासाठी. ती आम्ही शेवंतीवर मानेपर्यंत घातली, तिला तेवढ्यापुरती छावणीत नेऊन दोन थोराड बैलांच्या मधे बसवली आणि तोंडाला चाऱ्याचा भारा लावला. साहेब रुमाल नाकाला लावून लांबूनच मोजत चालले. "हा कोणता?"

"मोरा बैल साहेब. आजारी आहे."

एवढ्यात शेवंती खिंकाळली. चांगली लांब, स्वच्छ खिंकाळी.

"हे काय?" साहेब म्हणाले.

"खोकला आहे साहेब," मी म्हणालो. "फार जुना."

साहेबांनी गंभीर मान हलवली. "औषध द्या." वहीत खूण केली आणि पुढे गेले.

इथे लोक हसतात. इथे मी थांबत असे.

पुढचं असं. छावणीत चारा म्हणून ऊस यायचा. पाणी नसल्याने वाळायला लागलेला उभा ऊस कापून, वाढ्यासकट, म्हणजे शेंड्याच्या पाल्यासकट, ट्रक भरून. वजन करून देत, पावतीवर 'हिरवा चारा' लिहीत. त्या वर्षी आमच्या लेखी ऊस हा ऊस राहिलाच नव्हता. कुणी त्याला ऊस म्हणत नव्हतं. 'चारा आला का', 'चारा वाटला का', 'चारा कमी पडला'. तोडलेल्या कांड्यांचे ढीग माझ्या डोळ्यांसमोर होते, जाता येता मी स्वतः कांडं सोलून खात होतो, तोंड गोड होत होतं. गूळ नको, हरभरा नको, दाणा नको, हे मी पारूबाईला रोज बजावत होतो. एकदा कुणी शेवंतीला भाकरीचा तुकडा देत होतं तर मी त्याच्या हातावर मारलं. आणि रोज सकाळी पावती दाखवून तिचा वाटा मीच उचलून आणत होतो. हिरवा चारा.

ती भरली. अंगावर तकाकी आली. बरगड्या झाकल्या. येणारा जाणारा म्हणे, डागदर, जादू केली. मी नाही म्हणत नव्हतो. लग्नाला तीन आठवडे राहिले होते. खुरावरची रेघ जमिनीला टेकायला अर्ध्या बोटाचं अंतर होतं.

सोमवारी सकाळी मी गेलो तेव्हा ती आडवी होती. सटवाजी तिच्या मानेपाशी बसला होता. पारूबाई म्हणाली, "उठंना." मी पाय उचलला. खूर चुलीवरून उतरवलेल्या तव्यासारखा तापला होता. तळव्यात, पुढच्या टोकाच्या मागे, चंद्रकोरीसारखी चीर पडली होती आणि त्यात पांढरं काहीतरी दिसत होतं. मी पाय खाली ठेवला. पट्टी बांधली. ती कशासाठी बांधली ते मला माहीत नाही. हातांना तेवढंच येत होतं.

मंगळवारी खाजाभाई आले. त्यांनी पायाला हातही लावला नाही. ते तिच्या तोंडापाशी वाकले, ओठाला चिकटलेली उसाची एक चोयटी काढली, चाखली.

"ये क्या खिलाया?"

"चारा," मी म्हणालो.

"मियाँ," खाजाभाई हळू आवाजात म्हणाले, "ये चारा नहीं है. ये शक्कर है."

आमच्याकडे ही भाषा सगळ्यांना कळते. सटवाजीलाही कळली. मी त्याला म्हणालो, "चूक माझी आहे." तो बराच वेळ घोडीच्या आयाळीतून बोटं फिरवत राहिला. मग म्हणाला, "चारा म्हून तर आमी बी घातला डागदर. तुमी एकट्यानं कामून घ्यावं." याच्यापेक्षा त्याने मला दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. 'डागदर' म्हणायचंही त्याने सोडलं नाही.

ते इंजेक्शन द्यायचा अधिकार मला नाही. मी निरोप धाडले, पण डॉक्टरसाहेब जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला छावण्यांच्या कामात अडकले होते. आले ते गुरुवारीच. मंगळवार, बुधवार ती तशीच पडून होती. मी शेजारी बसून वेदनेचं औषध दिलं, दवाखान्यात होतं तेवढं सगळं. बुधवारी दुपारी ते संपलं. तिने ओरडा केला नाही. घोडी दुखलं तर ओरडत नाही, घाम गाळते. पारूबाई तो घाम पदराने पुसत होती. दोन दिवस ती एक शब्द बोलली नाही. त्या बाईला गप्प बसलेलं मी आधी पाहिलं नव्हतं.

लग्न ठरल्या दिवशी झालं. मिलिंद पायी गेला, त्याच्यापुढे सटवाजी पायी गेला. मी जेवून आलो. त्याबद्दल जास्त लिहायचं नाही. नोंदवहीत मी नंतर खरी नोंद केली नाही. 'बैल मयत' असं लिहिलं आणि खाली सही केली.

गुरुवारचं मात्र लिहायचं आहे. दुपारी साहेब आले, वाळूत गुडघे टेकून बसले. शेवंतीचं तोंड मी धरलं. माझं कामच ते. साहेबांनी मानेच्या शिरेत सुई घातली. तिचं डोकं माझ्या मांडीवर जड झालं आणि पुढचे दोन्ही पाय वर्षभरात पहिल्यांदाच सैल पडले. अंगणात वाड्यातली सगळी माणसं उभी होती. झूल दोरीवर वाळत घातलेली होती, ती काढायचं कुणाला सुचलं नव्हतं.

तेवढ्यात गोविंदराव आले. बौद्धवाड्यात त्यांना मी त्या दिवशीच पाहिलं. त्यांनी चपला अंगणाबाहेर काढल्या, घोडीपाशी येऊन उभे राहिले, टोपी काढून हातात घेतली. सटवाजी सवयीने उठून उभा राहिला, हात जोडून. दोघेही खाली घोडीकडे बघत होते. साहेब सुई पुसत होते.

आणि पारूबाई, कोपऱ्यातून, दोन दिवसांनी पहिल्यांदा, नवऱ्याकडे बघून मोठ्याने म्हणाली, "आवं, आता इचारा की मालकाला, घोडी मोकळी हाय का."